चौऱ्याहत्तराव्या भागातली चादर

ओवीच्या चित्रमालिकेत मी चादर आहे.
निळ्या चौकड्यांची, कोपऱ्यातल्या गादीवर,
वर तीन छोटे ‘घुर्र’.
तोंड तिनं कधी काढलंच नाही माझं.
तिचं तरी काय चुकलं?
सातारा रस्त्यावरच्या लॅबमध्ये रात्रभर
दुसऱ्यांच्या रक्ताला नंबर चिकटवून
मी सकाळी सातला कर्वेनगरात पोचते,
तेव्हा त्या तिघांची गोष्ट सुरू होते:
जुईलीचं ब्रेकअप, तन्वीरची तिसरी नोकरी,
ओवीनं स्वतःला जरा उंच काढलेलं,
आणि मॅगी. पुष्कळ मॅगी.
चौथ्या चौकटीत कुणीतरी हसतं.
मी झोपलेली असते.

आम्ही कडेची माणसं बरीच आहोत तिथं.
सेक्रेटरी ढवळे म्हणजे नुसता चष्मा आणि एक सूचना:
‘जिन्यात सायकल लावू नये. लावल्यास हवा राहणार नाही.’
खऱ्या ढवळ्यांनी एकदा तन्वीरच्या चाकात
पंप आणून हवा भरली होती,
पहाटे, कुणी बघत नाही ना ते बघून.
रात्रपाळीवाल्यांना असलं काहीबाही दिसतं.
झेरॉक्सवाल्याला एकच वाक्य आहे, ‘सुट्टे?’
एक मांजर, नाव व्याज, कारण वाढतच चाललंय.
आणि कुंदाताईंचा हात.

फक्त हात. दार किलकिलं, डबा,
मनगटावर पाच हिरव्या बांगड्या,
फुग्यात ‘उसळ तिखट झालीय, जपून.’
दर मंगळवारी हात येतो
आणि गोष्ट पुढं सरकते.

एप्रिलात कुंदाताईंचे मालक गेले.
चार दिवस डबा नाही.
त्या भागात तिघांनी मिसळ मागवली,
विनोद चांगला जमला होता.
पाचव्या दिवशी मी दारात चप्पल काढत होते
तेव्हा हात आला.
मनगट मोकळं. बांगड्यांच्या जागी फिकट पट्टा,
घड्याळ काढल्यावर राहतो तसा.
अशा वेळी काय बोलतात?
मी विचारलं, उसळ तिखट आहे का.
म्हणाल्या, आज अळणीच झाली असंल, बघ.

भाग एकाहत्तर: बांगड्या पाच.
भाग बाहत्तर: पाच.
त्र्याहत्तर यायच्या आधी मी ओवीला सांगितलं.
ती बराच वेळ पेन चावत बसली,
मग पुसल्या.
स्क्रीनवर पुसायला काय लागतं,
दोन बोटं.
पण त्या रिकाम्या हाताशेजारी
फुग्यात काय लिहावं ते तिला सुचेना,
आणि चौथ्या चौकटीत कुणाला हसवावं, तेही.
त्या मंगळवारी भाग आला नाही.

शेवटी ती मोबाइल घेऊन खाली गेली,
मागून मी, तशीच, न झोपता.
कुंदाताईंनी पदराला हात पुसले तरी
काचेवर कणीक लागली.
एकेक भाग वर सरकवत
स्वतःचाच हात मोठा करून पाहत राहिल्या.
‘पाचवी पिचलेली होती,’ म्हणाल्या,
‘तू नीट काढलीस.’
मग पोळी उलटली, दुसरी लाटली,
आणि गॅस बारीक करता करता:
‘राहू देत गं. तिथं तरी वाजू देत.’

चौऱ्याहत्तरावा भाग आला.
दार किलकिलं. डबा. बांगड्या पाच,
शेवटच्या बांगडीला बारीक चीर.
फुगा नाही.
आणि कोपऱ्यात
चादरीबाहेर आलेलं एक पाऊल,
फरशीला अजून न टेकलेलं.

पाऊल माझ्यासारखं नाही, माझं रुंद आहे.
पण परवा जिन्यात ढवळ्यांनी थांबवलं,
चष्मा पुसून म्हणाले,
‘ती चादर तुम्हीच ना?’
मी हो म्हटलं.
झोप येत होती.